दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून अमेरिकेतल्या, न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कपर्यंतचं हवाई अंतर कुठल्याही गणकात १५,३४४ किलोमीटर येतं. सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये ही विनाथांबा सेवा पुन्हा सुरू करताना मात्र सुमारे १६,७०० किलोमीटर आणि १८ तास ४५ मिनिटं असं जाहीर केलं होतं. आणि पहिलं विमान पोचलं ते १७ तास ५२ मिनिटांत. यातलं खरं काय मानायचं? आणि अशाच दुसऱ्या कुठल्याही जोडीसाठी अंतर आणि वेळ आपला आपण काढता येतो का?

काढता येतो, आणि बऱ्यापैकी अचूक काढता येतो. मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करतो. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवणं हे आमचं रोजचं काम. या कामातून पाहिलं तर वरचे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो जमिनीवरचं अंतर हेच विमानाचं अंतर आहे असं धरून चालल्यामुळे. विमान जमिनीवर चालत नाही, हवेतून जातं, आणि ती हवा स्वतःच कुठेतरी निघालेली असते.

आधी १५,३४४ चा उगम बघू, कारण तो सरळ आहे. ग्लोबवर दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की तो ज्या रेषेवर बसतो ते महावर्तुळ. गोलावरचं सगळ्यांत कमी अंतर तेच. हिशेबाला फक्त अक्षांश-रेखांश लागतात. चांगी १.३६ अंश उत्तर, १०३.९९ पूर्व. नेवार्क ४०.६९ उत्तर, ७४.१७ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १७८.१६ अंश. (बेरीज १८० च्या वर गेली तरी बिघडत नाही, कोसाइन ते सांभाळून घेतो. दक्षिण अक्षांश मात्र उणे धरायला विसरू नका.) आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, तो येतो ०.०१५५. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करा, तो येतो उणे ०.७५७६. दोन्हींची बेरीज उणे ०.७४२२ च्या आसपास. ज्या कोनाचा कोसाइन एवढा आहे तो कोन १३७.९२ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर पडतात, म्हणजे उत्तर १५,३३६ किलोमीटर.

गणकापेक्षा आठ किलोमीटर कमी आले. चूक झालेली नाही. आपण पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नीट गोल धरली. प्रत्यक्षात ती विषुववृत्तावर ६,३७८ आणि ध्रुवांकडे ६,३५७, म्हणजे जरा चपटी. चांगले गणक हा चपटेपणा धरतात. साध्या गोलाच्या हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, आणि प्रवासाचा वेळ काढायला तेवढा फरक सोडून द्यावा. दोन जागा फारच जवळ असतील तर मात्र हे कोसाइनचं सूत्र दशांशांत घसरतं. तिथे हॅव्हरसाइन नावाचं दुसरं सूत्र वापरतात. लांबच्या विमानतळांना त्याची गरज नाही.

अजून एक पाहा. हा दोरा चांगीहून जवळजवळ थेट उत्तरेला निघतो, पश्चिमेकडे जेमतेम दोन अंश कललेला, आणि उत्तर ध्रुवापासून सुमारे २३० किलोमीटरवरून पलीकडे उतरतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याला हे कधी सुचणार नाही. माद्रिद आणि न्यूयॉर्क घ्या, दोन्ही साधारण ४०.५ अक्षांशावर. नकाशावर सरळ आडवी रेघ दिसते. त्या रेघेने गेलं तर सुमारे ५,९३० किलोमीटर होतात, महावर्तुळाने ५,७६८, आणि ते महावर्तुळ मध्यावर ४६ अंशांच्याही वर चढतं. ‘विमान उगाच उत्तरेला वळसा का घालतं’ असं सीटसमोरचा नकाशा बघून विचारलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा वळसा नकाशाचा असतो, विमानाचा नाही.

पण मग नेवार्कला जाणारं विमान ध्रुवावरून का जात नाही? जाहीर झालेला १६,७०० चा आकडा तिथून येतो. सिंगापूरहून निघालेलं हे विमान बहुतेकदा ईशान्येला वळून जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक ओलांडतं. ग्लोबवर हा हजारेक किलोमीटरचा वळसा आहे. त्यामागे कारणं तीन-चार आहेत, पण मोठं कारण वारा.

मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटरचा वेग नेहमीचा, कधी ३०० च्याही पुढे. आणि लांब पल्ल्याची विमानं नेमकी त्याच उंचीवर असतात. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर चालणाऱ्या माणसाचं जे होतं तेच इथे होतं: पावलं तेवढीच, पण पट्टा सोबत असला तर लवकर पोचतो, उलट असला तर घाम निघतो. एअरबस ए३५० सारखं विमान माख ०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांनी जातं, म्हणजे त्या उंचीच्या थंड हवेत ताशी साधारण ९०० किलोमीटर. हा हवेतला वेग. जमिनीच्या हिशेबात त्याचे ७५० होतील की १,१००, ते वारा ठरवतो.

आमच्या टेबलावर हे कसं दिसतं ते आकड्यांत सांगतो. समजा दोन मार्ग आहेत. पहिला १०,००० किलोमीटरचा, पण त्यावर सरासरी ६० चा उलटा वारा. दुसरा १०,५०० चा, पण त्यावर २० चा सुलटा वारा. हवेतला वेग दोन्हीकडे ९००. पहिल्याला १०,००० भागिले ८४०, म्हणजे ११ तास ५४ मिनिटं. दुसऱ्याला १०,५०० भागिले ९२०, म्हणजे ११ तास २५ मिनिटं. लांबचा मार्ग जवळजवळ अर्धा तास आधी पोचवतो. याच वेळांना ९०० ने गुणलं की ‘हवेतलं अंतर’ मिळतं: पहिल्याचं १०,७१४, दुसऱ्याचं १०,२७२. इंजिनं इंधन जाळतात ती या अंतरासाठी. डिस्पॅचरचं सॉफ्टवेअर दर फेरीला ताजा वाऱ्याचा अंदाज घेऊन हेच अंतर कमीत कमी करत बसतं, म्हणूनच कालचा मार्ग आणि आजचा मार्ग सारखा नसतो. उत्तर अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा नवे मार्ग आखले जातात, युरोपहून अमेरिकेकडे जाणाऱ्या गर्दीसाठी वेगळे आणि तिकडून येणाऱ्या गर्दीसाठी वेगळे.

वाऱ्याची ताकद पाहायची तर फेब्रुवारी २०२० मधली न्यूयॉर्क-लंडन फेरी आठवा. युरोपकडे वादळ सरकत होतं, जेट स्ट्रीम जोरात होता, आणि ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ हे ५,५४० किलोमीटर ४ तास ५६ मिनिटांत गेलं. एरवी याला सहा तासांपेक्षा जास्त लागतात. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग काही वेळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता, आणि बऱ्याच बातम्यांनी ‘ध्वनीपेक्षा वेगवान’ असं छापलं. तसं काही नव्हतं. भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

जाता-येता वाऱ्याचं देणंघेणं फिटतं, असा एक समज आहे. फिटत नाही. ६,००० किलोमीटरला १०० चा उलटा वारा असेल तर साडेसात तास, परतताना तोच पाठीशी असेल तर सहा. बेरीज साडेतेरा. वारा नसता तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं लागली असती. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो, म्हणून तोटा नेहमी थोडा जास्तच.

आणि पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं, हा प्रश्न कोणीतरी काढतोच, तर तोही उरकतो. पृथ्वीसोबत तिचं वातावरणही फिरतं, विमानही त्यातच असतं. पूर्वेला जाणाऱ्याला कमी वेळ लागतो तो जेट स्ट्रीममुळे. उत्तर-दक्षिण मार्गांवर, उदाहरणार्थ फ्रँकफर्ट-जोहान्सबर्ग, जाण्या-येण्याच्या वेळात फारसा फरक पडत नाही.

वाऱ्याशिवायची कारणं आता. ध्रुवाजवळची हवा कधीकधी इतकी थंड असते की टाकीतलं इंधन गोठण्याच्या जवळ जातं. जेट ए-१ या विमान-इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश, अमेरिकेत मिळणाऱ्या जेट ए चा उणे ४०. मग उंची बदला, वेग वाढवा किंवा मार्गच बदला. दुसरं, अडचण आली तर उतरायचं कुठे. अमेरिकेत १९५३ पासून दोन इंजिनांच्या विमानाला उतरण्यायोग्य विमानतळापासून ६० मिनिटांच्या आतच राहावं लागे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली, पुढे १८०, आणि ए३५० ला आज ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे. त्यामुळे समुद्रावरचे बरेच वळसे संपले, पण प्रत्येक कंपनीला प्रत्येक मार्गावर पूर्ण मुभा असतेच असं नाही. तिसरं, देशांच्या हद्दीतून जायचे पैसे आणि परवानग्या. थोडा लांबचा पण स्वस्त आकाशातला मार्ग कधीकधी जिंकतो, हे प्रवाशाला कुठे दिसत नाही.

आणि आकाशच बंद असलं तर सगळे आडाखे कोसळतात. हेलसिंकी-टोकियो हे अंतर महावर्तुळाने सुमारे ७,८०० किलोमीटर, जवळजवळ सगळं रशियावरून. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ही फेरी साडेनऊ-दहा तासांची होती. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि वेळ तेरा तासांच्या घरात गेला. फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवाच्या बाजूने टोकियोला जाऊ लागली. गंमत अशी की याच कंपनीने १९८३ मध्ये टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली तेव्हाही सोव्हिएत आकाश टाळून डीसी-१० ध्रुवावरूनच नेलं होतं, आणि तेव्हाही साधारण तेरा तासच लागत होते. दोन्ही शहरं जागची हललेली नाहीत. म्हणून जुन्या वेळापत्रकावरून किंवा नुसत्या अंतरावरून युरोप-पूर्व आशिया मार्गांचा वेळ सांगू नका. कोणती कंपनी कोणत्या आकाशातून जाऊ शकते हे आधी बघा.

किरकोळ वाढ तर प्रत्येकच फेरीत असते. वाऱ्याप्रमाणे धावपट्टीची दिशा ठरते, मग विमान उलट्या बाजूला उडून वळतं. उतरताना रांगेत घेतात. यात तीस-चाळीस किलोमीटर सहज जातात. शिवाय अकरा किलोमीटर उंचीवरचं वर्तुळ जमिनीवरच्यापेक्षा किंचित मोठं, त्याचे नेवार्कच्या मार्गावर आणखी २६ किलोमीटर. हे आम्ही वेगळं मोजतही बसत नाही.

आता वेळ. तिकिटावरचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम: चाकांखालचे ठोकळे काढून विमान हललं तेव्हापासून ते पलीकडच्या जागेवर थांबेपर्यंत. हवेतला वेळ त्याहून कमी, मोठ्या विमानतळांवर वीस मिनिटं ते पाऊण तास कमी. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा ठेवतात, कारण पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर फेरी वेळेवर धरली जाते. म्हणून १८ तास ४५ मिनिटांची फेरी १७ तास ५२ मिनिटांत संपल्यावर वैमानिकाने काही पराक्रम केला असं समजू नये. वेग वाढवून वेळ भरून काढायला फारसा वाव नसतोच. माख ०.८५ च्या विमानाला ०.८६-०.८७ पर्यंत नेता येतं, पण इंधन भराभर जातं. लांबच्या फेरीत आधीच इंधन वाहून नेण्यासाठी इंधन जळत असतं. जास्तीचं जेवढं घ्याल त्यातलं साधारण तीन-चार टक्के दर तासाला नुसतं ते वाहण्यात संपतं. नेवार्कच्या ए३५० मध्ये १,६५,००० लिटरची टाकी आणि फक्त १६१ सीट का आहेत, ते यावरून कळेल.

घरबसल्या अंदाजासाठी मी सांगतो ती रीत अशी: महावर्तुळाचं अंतर घ्या, ८५० ने भागा, अर्धा तास मिळवा. ९०० ने न भागता ८५० ने का? कारण वळसे, चढण-उतरण हे सगळं त्यात मुरवलेलं आहे. पहिल्या नेवार्क फेरीचे १५,३४४ किलोमीटर १७ तास ५२ मिनिटांनी भागून पाहा, ८५९ येतात, जरी विमान हवेत त्याहून वेगाने उडत होतं. आणि १५,३४४ भागिले ८५० अधिक अर्धा तास म्हणजे १८ तास ३३ मिनिटं. वेळापत्रकाच्या जवळ आलो. मग वाऱ्याची दुरुस्ती. मध्य अक्षांशांवर पूर्व-पश्चिम मार्ग असेल तर दर सहा-सात तासांच्या प्रवासाला पूर्वेकडे जाताना अर्धा तास वजा करा, पश्चिमेकडे अर्धा तास मिळवा. हिवाळ्यात थोडं जास्त, उन्हाळ्यात कमी. विषुववृत्ताजवळ किंवा उत्तर-दक्षिण मार्गाला दुरुस्ती नको. या रीतीने दहा-बारा तासांच्या फेरीला पाऊण तासापेक्षा जास्त चूक आली तर समजा की मध्ये बंद आकाश आहे किंवा भलामोठा वळसा आहे.

घड्याळाचा घोळ शेवटी, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. हिवाळ्यात सिंगापूरहून रात्री ११:३० ला सुटून नेवार्कला दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१५ ला पोचणारी फेरी पावणेसहा तासांची वाटते. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत आणा. सिंगापूर आठ तास पुढे, म्हणजे सुटलं १५:३० ला. न्यूयॉर्क-नेवार्क हिवाळ्यात पाच तास मागे, म्हणजे पोचलं दुसऱ्या दिवशी १०:१५ ला. फरक १८ तास ४५ मिनिटं. उन्हाळ्यात अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे जातात, सिंगापूरची जात नाहीत, म्हणून तीच फेरी ६:१५ ला पोचताना दिसेल. प्रवास तेवढाच.

तारीखरेषा ओलांडली की मामला आणखी मजेशीर. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी पाचला सुटलेलं विमान दहा तास उडून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी दहाला उतरतं. उलट येताना एक अख्खी तारीख गळते. त्यामुळे पोचण्याच्या वेळेशेजारी छापलेले ‘+१’, ‘+२’ किंवा क्वचित ‘-१’ हे बारीक आकडे हॉटेलचं बुकिंग करण्याआधी दोनदा वाचावेत.

मध्ये विमान बदलायचं असेल तर थेट महावर्तुळाचा काही उपयोग नाही. दोन्ही टप्पे वेगळे काढा, प्रत्येकाला आपापला अर्धा तास द्या, आणि मधला थांबा मिळवा. त्या विमानतळाचा किमान जोडवेळ जाहीर असतो, पण तो बदली जमण्यापुरता असतो, निवांतपणासाठी नव्हे. इमिग्रेशन करून सामान पुन्हा जमा करायचं असेल तर त्याच्या दुप्पट धरा. आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर नसतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याने थांबावं किंवा पुढच्या विमानात जागा द्यावी, अशी जबाबदारी सहसा कोणाचीच नसते.